आग प्रोसेसरला, बंब ग्राफिक्स कार्डाला

गेम सुरू होतो. कंपन्यांचे लोगो येऊन जातात, मग ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी दिसते आणि टक्के सरकू लागतात. तीस, बत्तीस, चौतीस. एवढ्यात पडदा मिटतो आणि आपण डेस्कटॉपवर. समोर एक छोटी खिडकी: व्हिडिओ मेमरी संपली, रेंडरिंगसाठी जागा मिळाली नाही, तुमच्या कार्डात गेमला लागते तेवढी मेमरी आहे का ते पाहा, रिझोल्यूशन कमी करा, इतर प्रोग्राम बंद करा.

कॅबिनेटमध्ये बसलेलं ग्राफिक्स कार्ड असतं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९०. त्यावर २४ जीबी मेमरी. गेमचा मेनूसुद्धा अजून आलेला नाही, म्हणजे त्या २४ जीबीला अजून कोणी नीट हातही लावलेला नाही. तरी मेमरी संपली म्हणे.

२०२३मध्ये ही तक्रार तुरळक होती. २०२४ उजाडला तसा तिचा पूर आला. फोर्टनाइट, हॉगवर्ट्स लेगसी, रेमनंट २, टेकन ८ अशा गेममध्ये लोकांना हाच अनुभव येत होता आणि हे सगळे गेम अनरिअल इंजिन या गेम बांधायच्या तयार सॉफ्टवेअरवर बांधलेले होते. साहजिकच दोन तट पडले. एक म्हणे अनरिअल इंजिनच भिकार आहे, दुसरा म्हणे एनव्हिडियाचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलेत. दोन्ही तटांचं निदान चुकलं होतं. दोष होता इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, आणि इंटेलच्या तोंडून त्याचं पूर्ण कारण बाहेर यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ग्राफिक्स कार्ड क्रॅश होतंय असं वाटत असताना कार्ड शाबूत असू शकतं, याचं इतकं कागदोपत्री नोंदलेलं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ते मुळापासून मांडतो.

शेडर कोण तयार करतं?

बहुतेकांची गफलत इथेच होते. शेडर म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम: पाण्यावर उजेड कसा पडेल, कातडीचा पोत कसा दिसेल, धूर कसा पसरेल हे ठरवणारे. प्लेस्टेशन सगळ्यांकडे एकसारखं असतं, म्हणून तिथे ते आधीच शिजवून पाठवता येतात. पीसीत मात्र कोणाकडे कोणतं कार्ड असेल याचा नेम नाही. त्यामुळे गेम कंपनी शेडर एका मधल्या भाषेत, तेही दाबून लहान केलेले, अशा रूपात पाठवते. पहिल्यांदा गेम उघडला की ते आधी सोडवायचे आणि मग ड्रायव्हरने ते तुमच्या कार्डाच्या भाषेत उतरवायचे, असा क्रम असतो. शेडर कार्डाचे असले तरी सोडवण्याचं आणि उतरवण्याचं हे सारं काम प्रोसेसर करतो. सगळे कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे त्याचे सगळे भाग, एकदम जुंपून, गेममधल्या इतर कुठल्याही क्षणापेक्षा जास्त ताणाने.

आता समजा या कामात प्रोसेसरने एक बिट चुकवला. आकडेमोडीत एवढी-तेवढी चूक झाली तर गेम ती पचवून टाकतो. एखाद्या फ्रेममध्ये एखादी सावली वाकडी पडेल, कोणाला कळणारही नाही. पण दाबलेला डेटा सोडवताना मागच्या बिटावरून पुढच्याचा अर्थ लागतो. एक चुकला की पुढचं सगळं चिखल. सोडवणारा प्रोग्राम ओरडतो, शेडर तयार होत नाही, आणि इंजिनाच्या वरच्या थराला एवढंच कळतं की रेंडरिंगसाठी मागितलेली वस्तू मिळाली नाही. वस्तू न मिळण्याचं नेहमीचं कारण मेमरी नसणं हेच असतं. पडद्यावर तोच मजकूर येतो.

या संदेशाने लोकांचा जेवढा वेळ खाल्ला तेवढा दुसऱ्या कशानेही खाल्ला नसेल, असं माझं मत आहे. नुसती चूक सांगितली असती तर एक वेळ ठीक होतं. त्याने वर उपायही सुचवले, आणि तिन्ही उपाय कार्डाच्या दिशेने जाणारे.

पहिले काही महिने: सगळे उपाय, आणि थोडाथोडा गुण

माणसं काय करत होती ते पाहण्यासारखं आहे, कारण आजही कोणाचा गेम क्रॅश झाला की हाच क्रम चालतो. आधी ड्रायव्हर अपडेट. मग डीडीयू हा साफसफाईचा प्रोग्राम वापरून ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकायचा. मग एक जुना. मग टेक्स्चरची सेटिंग कमी. मग विंडोज फॉरमॅट मारायची. मग एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर संशय, कारण ४०९० वीज खातं हे सगळ्यांना माहीत. शेवटी कार्डच वॉरंटीत परत.

गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक उपायाने कोणाला ना कोणाला गुण आला. त्याचं कारण शेडरच्या साठवणीत आहे. एकदा शेडर तयार झाले की ते डिस्कवर साठवून ठेवले जातात. दुबळा प्रोसेसर प्रत्येक वेळी चुकत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पट्टी शंभरावर पोहोचते आणि मग गेम आठवडेच्या आठवडे बिनबोभाट चालतो. माणसाला वाटतं, काल जे केलं त्यानेच बरं झालं.

मग एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर येतो. ड्रायव्हर बदलला की जुनी साठवण रद्द होते, शेडर पुन्हा पहिल्यापासून तयार करावे लागतात आणि पुन्हा क्रॅश. आता यातून कोणीही काय अर्थ काढेल? नव्या ड्रायव्हरने वाट लावली. वेळही जुळते, तर्कही जुळतो. शेकडो लोकांनी हेच लिहिलं आणि एकमेकांना दुजोरा दिला.

त्यात आणखी एक भर होती. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर हीसुद्धा दाबलेली फाइलच असते. ज्यांचा प्रोसेसर जास्त खराब झाला होता त्यांना ती उघडतानाच एरर येई. ड्रायव्हर धड बसतसुद्धा नाही, म्हणजे कार्डाचंच काहीतरी! त्याच मशीनवर एखादी मोठी झिप फाइल उघडून पाहिली असती तर तीही अधूनमधून खराब निघाली असती. पण गेम क्रॅश होतोय म्हणून झिप फाइल कोण उघडून बघतो?

कार्डाच्या चाचण्या मात्र व्यवस्थित पास होत होत्या. फरमार्क तास-तासभर चालवा, कार्ड ढिम्म. हा खरं तर मोठा पुरावा होता. कार्ड पूर्ण ताणाखाली टिकतंय आणि कार्डाला फारसं कामच नसलेल्या पट्टीवर गेम मरतोय, हे दोन्ही एकत्र ठेवून पाहायला हवं होतं.

कार्ड खरंच मरतं तेव्हा

तुलनेसाठी एवढं सांगायला हवं की ग्राफिक्स कार्ड खरंच अडकतं तेव्हा विंडोज त्याची वेगळी नोंद ठेवते. कार्डाने ठरावीक वेळात, मुळात ही मुदत २ सेकंदांची आहे, उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हरला झटका देऊन पुन्हा उठवते. पडदा क्षणभर काळा होतो, कधी रंगीत चौकटी किंवा रेघा दिसतात, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ‘सिस्टम’ यादीत ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं’ अशी ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ हे लांबलचक नावही तिथे दिसतं. गेमकडून येणारा संदेश ‘डिव्हाइस रिमूव्ह्ड’ किंवा ‘डिव्हाइस हंग’ अशा धर्तीचा असतो.

या प्रकरणातल्या मशीनवर ‘सिस्टम’च्या यादीत अशी नोंद बहुधा नसे. नोंदी सापडत त्या ‘ॲप्लिकेशन’ यादीत, १००० क्रमांकाच्या. नीट पाहिलं तर बिघडलेल्या भागाचं नाव दर वेळी वेगळं. आज गेमची स्वतःची एक्झे फाइल, उद्या विंडोजची एखादी डीएलएल, परवा ड्रायव्हरची. बग असेल तर तो एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटतो. दर वेळी नवी जागा म्हणजे पाया हलतोय: प्रोसेसर किंवा रॅम. काही मशीनवर हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हिया-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या नोंदीही मिळत. प्रोसेसरच्या आत पॅरिटीची, म्हणजे बिटांच्या पडताळणीत सापडलेली, चूक झाली आणि ती दुरुस्त केली, असं त्या सांगतात. शेजारी एपीआयसी आयडी म्हणून एक आकडा असतो. तोच आकडा वारंवार दिसला तर कोणता कोअर लंगडतोय तेही कळतं.

ड्रायव्हरच्या डीएलएलचं नाव दिसलं की मात्र लोक पुन्हा एनव्हिडियाकडे वळत. वॉरफ्रेम हा गेम बनवणाऱ्या डिजिटल एक्स्ट्रीम्सलाही असेच रिपोर्ट येत होते: क्रॅश कुठे, तर ‘एनव्हीजीपीयूकॉम्प६४’ या फाइलमध्ये. हा एनव्हिडियाचा शेडर कंपाइलर. त्यांनी रिपोर्ट पाठवणाऱ्या मशीनची वर्गवारी केली तेव्हा त्यांत १३व्या-१४व्या पिढीचे इंटेल प्रोसेसर उठून दिसले. वॉरफ्रेम अनरिअलवर नाही, कंपनीच्या स्वतःच्या इंजिनावर चालतो. म्हणजे अनरिअलवरचा आरोपही तिथेच संपायला हवा होता.

गाठ सुटली ती कॉम्प्रेशनवाल्यांकडून

अनरिअलमध्ये डेटा दाबण्याचं आणि सोडवण्याचं काम ऊडल नावाची लायब्ररी करते. ती रॅड गेम टूल्सची. ही कंपनी २०२१मध्ये एपिक गेम्सने विकत घेतली. त्यांच्या दारात रोज एकच तक्रार येत होती: तुमचं ऊडल शेडर सोडवू शकत नाही, लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. दाबलेल्या डेटाचं एक बरं असतं. उत्तर बरोबर की चूक, यात मधलं काही नसतं. तीच फाइल, तोच कोड आणि दुसऱ्या मशीनवर बिनचूक चालतो, तर कोड दोषी नाही.

२०२४च्या सुरुवातीला रॅडने स्वच्छ शब्दांत जाहीर केलं की हा ऊडलचा किंवा अनरिअलचा बग नाही. प्रामुख्याने १३९००के आणि १४९००के हे आय९, आणि कमी प्रमाणात १३७०० व १४७०० हे आय७ या प्रोसेसरांपैकी काहींमध्ये हार्डवेअरचा दोष आहे. सोबत त्यांनी एक चाचणी दिली. तिचा साधेपणा मला फार आवडतो. इंटेलचं एक्सटीयू हे सॉफ्टवेअर उघडा, मोठ्या, म्हणजे वेगवान कोअरचा गुणक ५५वरून ५३वर आणा, गेम पुन्हा चालवा. म्हणजे प्रोसेसर ५.५ऐवजी ५.३ गिगाहर्ट्झवर चालणार. फरक चार टक्क्यांहून कमी, खेळताना जाणवतही नाही. एवढ्याने ‘व्हिडिओ मेमरी संपली’ हा संदेश नाहीसा झाला, तर कार्डाला क्लीन चिट.

ड्रायव्हर बदलून, विंडोज नवी टाकून, कार्ड परत करून जे सिद्ध झालं नाही ते या एका चाचणीने होत होतं, कारण यात एकच गोष्ट बदलते. फॉरमॅट मारून जे बरं होतं ते कशाने बरं झालं हे कधीच कळत नाही.

एप्रिल २०२४मध्ये एनव्हिडियानेही ५५२.१२ या ड्रायव्हरसोबत सूचना दिली: १३व्या-१४व्या पिढीचा अनलॉक्ड (वेग वाढवू देणारा) इंटेल प्रोसेसर असेल आणि व्हिडिओ मेमरीचे एरर किंवा क्रॅश येत असतील तर आधी इंटेलच्या बाजूची माहिती वाचा. इतके महिने शिव्या खाल्लेल्या कंपनीच्या मानाने भाषा संयमीच म्हणायची.

मदरबोर्डवाल्यांवर खापर

आता प्रोसेसरच का चुकतोय याचा शोध. पहिला संशय मदरबोर्डांवर गेला, आणि तो निराधार नव्हता. या आय९ प्रोसेसरची ठरलेली कमाल वीज २५३ वॅट. पण बोर्ड कंपन्यांमध्ये चाचणीच्या तक्त्यात एक-दोन टक्क्यांनी वर येण्याची चुरस असते. त्यामुळे अनेक बोर्डांवर ही मर्यादा कारखान्यातूनच उठवलेली असे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, आकडा पाहावा तर ४०९६ वॅट, म्हणजे व्यवहारात ‘मर्यादा नाही’. करंटची मर्यादा खुली, संरक्षणाच्या काही सोयी बंद. गिऱ्हाइकाने काहीही न छेडता मशीन एक प्रकारे ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त ताणलेलं, होऊनच घरी यायचं.

इंटेलने एप्रिल २०२४मध्ये याच गोष्टीकडे बोट दाखवलं. बोर्ड कंपन्यांनी घाईघाईने ‘बेसलाइन’ नावाचे प्रोफाइल असलेले बायोस काढले. काहींनी वीज इतकी आवळली की वेग डोळ्यांत भरण्याइतका पडला. प्रकरण मिटलं असं वाटत होतं.

ते मिटलं नाही. जुलै २०२४मध्ये लेव्हल१टेक्स या यूट्यूब वाहिनीच्या वेंडेलने गेमसर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडची माहिती पुढे आणली. या कंपन्यांचे १३९००के आणि १४९००के डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डांवर चालत होते. हे वर्कस्टेशनचे बोर्ड. तिथे ना चुरस, ना मोकळी सोडलेली वीज. तरीही प्रोसेसर मरत होते, आणि थोडेथोडके नव्हे. त्याच महिन्यात पाथ ऑफ टायटन्स हा डायनासोरांचा गेम बनवणाऱ्या अल्डेरॉन गेम्सने जाहीर केलं की खेळाडूंची मशीन, स्वतःच्या डेव्हलपरांची मशीन आणि सर्व्हर, तिन्हीकडे हे प्रोसेसर कालांतराने बिघडतच आहेत आणि आम्ही सर्व्हर एएमडीवर नेत आहोत. त्यांच्या म्हणण्यानुसार बिघडण्याचं प्रमाण जवळपास शंभर टक्के. हा एका कंपनीचा अनुभव आहे, तो सगळ्या जगाला लावता येणार नाही. पण दोष निव्वळ बोर्डांचा असल्याचा दावा यानंतर टिकला नाही.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. वर्कस्टेशन बांधून विकणारी अमेरिकेतली प्युजेट सिस्टिम्स ही कंपनी पहिल्यापासून बोर्डांची भरमसाठ सेटिंग बाजूला ठेवून इंटेलच्या मर्यादा पाळत आली होती. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांनी स्वतःचे आकडे दिले, तर त्यांच्याकडे या पिढ्यांचं बिघडण्याचं प्रमाण इतरांच्या आरड्याओरड्याच्या मानाने बरंच कमी निघालं. बोर्डांची ढिलाई आगीत तेल ओतत होती. पण ठिणगी आतलीच होती.

आत काय घडत होतं

२२ जुलै २०२४ला इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आत चालणारं आणि बायोसमधून बदलता येणारं सॉफ्टवेअर, चुकीचं, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी पूर्ण कारण सांगितलं आणि त्याला ‘व्हीमिन शिफ्ट’ असं नाव दिलं.

व्हीमिन म्हणजे ठरावीक वेगाने बिनचूक चालायला कोअरला लागणारं किमान व्होल्टेज. नव्या प्रोसेसरमध्ये त्यावर थोडी शिल्लक ठेवलेली असते. प्रत्येक चिप वापराने थोडी झिजते, त्यासाठीच ही शिल्लक. इथे जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांच्यामुळे कोअरच्या आतलं घड्याळाचे ठोके वाटणारं सर्किट अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजत होतं. झीज झाली की ठोक्यांची लय एका बाजूला कलते. लेझीमच्या पथकात हलगीचा ठोका लंगडा पडू लागला की आधी एखाद्याच गड्याचं पाऊल चुकतं, बाकीचे अजून तालात असतात. तसं आधी एखादाच कोअर, तोही कमाल वेगावर, मधूनच चुकतो. किमान व्होल्टेजची गरज वर सरकत जाते आणि एक दिवस मिळणारं व्होल्टेज तिला पुरत नाही.

जास्त व्होल्टेज मिळण्याच्या चार वाटा इंटेलने सांगितल्या. बोर्डांची सेटिंग ही पहिली. दुसरी, प्रोसेसर गरम असतानाही सर्वोच्च वेगावर जाऊ देणारी एक चूक. तिच्यावर ०एक्स१२५ हा मायक्रोकोड आला. तिसरी, मायक्रोकोडने वारंवार आणि जास्त वेळ उंच व्होल्टेज मागणं; त्यावर ऑगस्टमधला ०एक्स१२९, ज्याने मागणीला १.५५ व्होल्टची वेसण घातली.

चौथी वाट सगळ्यात चमत्कारिक. मशीन निवांत किंवा हलक्या कामात असतानाही व्होल्टेज चढं राहत होतं, त्यावर ०एक्स१२बी. आपल्याला वाटतं, प्रोसेसर झिजतो तो जड कामाने. पण सगळे कोअर जुंपले की वेग थोडा उतरतो आणि व्होल्टेजही उतरतं. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडताना मात्र एकच कोअर क्षणभर ५.८ किंवा ६ गिगाहर्ट्झवर उडी मारतो, आणि त्या उडीला सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं. दिवसभर रेंडरिंग करणाऱ्या मशीनपेक्षा नुसतंच चालू ठेवलेलं मशीन या बाबतीत सुखी असेलच असं नाही. रात्रंदिवस चालू राहून एखाद-दुसऱ्या थ्रेडवर काम करणारे गेमसर्व्हर इतक्या लवकर का गेले, याचाही उलगडा इथे होतो.

ऑक्टोबर २०२२मध्ये समीक्षकांनी १३९००केची तारीफ केली तेव्हा त्यांना यातलं काहीच का दिसलं नाही, तेही यावरून कळतं. १९९४चा पेंटियमचा भागाकाराचा घोळ आराखड्यातच होता. ठरावीक आकडे दिले की पहिल्या दिवशीही उत्तर चूक यायचं. इथे नवा प्रोसेसर खरोखर निर्दोष चाले. दोष उगवायला महिने लागत. (२०२२-२३च्या काही चिपांत कारखान्यातल्या ऑक्सिडेशनचाही दोष होता. तो वेगळा, आणि बहुतांश तक्रारींचं कारण तो नव्हता असं इंटेलचं म्हणणं आहे.)

आज असं मशीन समोर आलं तर

मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. बायोस अपडेट करूनही क्रॅश थांबत नसतील तर तो प्रोसेसर गेला असं समजून बदलून घ्यायचा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी इव्हेंट व्ह्यूअर. ४१०१च्या नोंदी, काळा पडदा, रंगीत चौकटी असं काही दिसलं तर कार्ड, त्याची पॉवर केबल आणि एसएमपीएस यांच्याकडे वळा. हे प्रकरण तुमचं नव्हे. नोंदी १००० क्रमांकाच्या आणि दर वेळी वेगळ्या भागाच्या असतील तर रॅमचं एक्सएमपी (वाढीव वेगाची सेटिंग) बंद करून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर लावा, कारण खराब रॅमसुद्धा नेमकी हीच सोंगं घेते. रॅम निर्दोष ठरली की बायोसमध्ये इंटेलचं डिफॉल्ट सेटिंग निवडा, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये मायक्रोकोडचा आकडा पाहा, तो ०एक्स१२बीनंतर आलेल्या ०एक्स१२एफच्या मागे असेल तर बायोस नवं टाका. आणि मग शेडरची साठवण पुसून गेम उघडा. ही साठवण पुसण्याची पायरी गाळली तर चाचणीला काही अर्थ उरत नाही. तरीही क्रॅश येत असेल तर मोठ्या कोअरचा गुणक दोनने खाली. त्याने क्रॅश थांबले तर निदान झालं. पण तिथेच थांबून ‘झालं काम’ म्हणू नका, लंगडा कोअर उद्या आणखी खाली उतरेल. इंटेलचं स्वतःचं निदान करणारं टूल अशा प्रोसेसरांना बरेचदा पास करतं, तेव्हा त्याच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका.

२०२५च्या मे महिन्यात ०एक्स१२एफ आला. दिवसचे दिवस चालू राहून हलकी कामं करणाऱ्या मशीनसाठी तो होता, म्हणजे शेपूट अजून वळवळतच होतं. त्याच उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, आणि मोझिलाचे अभियंते गॅब्रिएले स्वेल्तो यांनी सांगितलं की फायरफॉक्सच्या क्रॅश रिपोर्टमध्ये याच प्रोसेसरांचं प्रमाण लाटेबरोबर चढलंय, आणि कोणत्या भाषेतून रिपोर्ट येतात त्यावरून लाट कोणत्या देशांत आहे तेही ओळखता येतंय. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा अकोला आणि नागपूरच आठवले. मे महिन्यात पारा ४५कडे जातो आणि पीसी बिनएसीच्या खोलीत. झिजलेल्या प्रोसेसरची तिथे काय गत होत असेल! विदर्भात कोणाचा गेम फक्त उन्हाळ्यातच क्रॅश होत असेल तर कार्डाची थर्मल पेस्ट बदलण्याआधी प्रोसेसरचं मॉडेल वाचावं.

राहता राहिला सेकंडहँडचा प्रश्न. हे आय९ आणि आय७ आता लॅमिंग्टन रोडला, तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन जाहिरातींत स्वस्तात मिळू लागले आहेत. दुकानदार सिनेबेंच ही वेगाची चाचणी चालवून दाखवील. तो पास होईलही, पण त्यावर जाऊ नका. अनरिअलवरचा एखादा जड गेम शेडरची साठवण पुसून दोन-तीनदा उघडून दाखवायला सांगा, शेजारी एखादी दहा-वीस जीबीची झिप सोडवायला लावा. १३६००केपासून वरच्या बाधित मॉडेलांवर इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली आहे. बॉक्समधला प्रोसेसर असेल तर ती थेट इंटेलकडे मागता येते, ट्रेमधला सुटा असेल तर ज्याने मुळात विकला त्याच्याकडे जावं लागतं. तेव्हा खोका आहे का, मूळ बिल आहे का आणि प्रोसेसरवरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. यातलं काहीच नसेल तर निम्म्या किमतीतही तो सौदा महागच.